अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि वऱ्हाडचा हक्क

अमरावतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हवे की नको, हा वाद २०२४ साली कागदावर मिटला. त्या वर्षी शंभर विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीस मान्यता मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे जे एकत्र उद्घाटन झाले, त्यांत अमरावतीचेही नाव होते. परंतु एक वाद मिटला की त्याच्याच पोटातून दुसरा जन्मास येतो. कायमची इमारत शहराच्या कोणत्या अंगास व्हावी, जमीन कोठली घ्यावी, श्रेयाचा फलक कोणाच्या नावे लागावा, याची चर्चा कचेरीच्या आवारात आणि चौकातील पानठेल्यावर सारख्याच तावातावाने चालते. मी त्या चर्चा ऐकतो आणि मला आश्चर्य वाटते ते याचे की, इतक्या बोलण्यात रुग्ण कोठेही नसतो, आणि डॉक्टर होऊ इच्छिणारा गरिबाचा मुलगाही नसतो. या दोघांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. पेशाने वकील असल्याने ज्याची बाजू मांडली गेली नाही त्याच्याकडे माझे लक्ष आधी जाते, एवढाच माझा अधिकार.

प्रथम इतिहास पाहू. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली निघाले. पुढे कित्येक वर्षे वऱ्हाडातील मुलास सरकारी कॉलेजातून डॉक्टर व्हावयाचे असले तर त्याला नागपूरची किंवा त्याहून दूरची वाट धरावी लागे. १९८४ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेने डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मरणार्थ खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काढले. शासकीय महाविद्यालय यवतमाळला १९८९ साली झाले, अकोल्यास २००२ साली झाले. महसूल विभागाचे मुख्यालय जेथे, १९८३ पासून विद्यापीठ जेथे, त्या अमरावतीस मात्र ते २०२४ साली, बुलढाणा आणि वाशीम यांच्याच पंक्तीत बसून मिळाले. आज अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही गोष्ट आनंदाची खरीच. पण आनंदाच्या भरात हिशेब विसरू नये.

या मागणीच्या काळात तिच्याविरुद्ध जे बोलले गेले त्यातील पहिला आक्षेप असा की, शहरात एक वैद्यकीय महाविद्यालय असताना दुसरे कशाला? त्या खाजगी महाविद्यालयाने आजवर अनेक डॉक्टर घडविले, त्याच्या रुग्णालयात गरीबही उपचार घेतात, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांच्या नावाने ते चालते त्या भाऊसाहेबांनी कुणब्याच्या, माळ्याच्या पोरांसाठी शिक्षणाचे दार उघडण्यात आयुष्य वेचले, हेही विसरता येत नाही. माझा मुद्दा कोणा एका संस्थेविषयी नाही. तो व्यवस्थेविषयी आहे. १९८३-८४ च्या सुमारास महाराष्ट्राने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांस मोकळीक दिली. त्यातून जागा वाढल्या, पण जागेला किंमतही आली. ती किंमत इतकी झाली की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीच्या बंदीचा कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन हिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पैसा घेऊन प्रवेश देणे म्हणजे शिक्षणाचा हक्क विकणे होय. २००५ साली इनामदार खटल्यात त्याच न्यायालयाने निर्णय दिला की विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आपले आरक्षण लादता येणार नाही. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५ मध्ये पाचवे उपकलम घातले, आणि महाराष्ट्राने २००६ साली आपला कायदा केला. अर्थात खाजगी महाविद्यालयातील आपल्या मुलाची जागा एका न्यायनिर्णयाने जाऊ शकली आणि ती परत आणण्यास घटना दुरुस्त करावी लागली. शासकीय महाविद्यालयात हा धोका नव्हता.

कोणी म्हणेल, आता खाजगी कॉलेजातही आरक्षण आहे आणि शासन शुल्काची प्रतिपूर्तीही करते. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, प्रतिपूर्ती ही सवलत आहे, ती उशिरा येते, आणि ती येईपर्यंत मधल्या काळाचा भार त्या शेतमजुराच्या घरावर पडतो. शुल्काचा आकडा ऐकूनच जो बाप पोराला म्हणतो, ‘हे आपले काम नव्हे’, त्याला शासननिर्णयाचा क्रमांक वाचून दाखविण्यात काय अर्थ? सरकारी महाविद्यालयाचे थोडके शुल्क पाहून तोच बाप म्हणतो, ‘बस अभ्यासाला.’ धोरणाची परीक्षा कागदावर होत नाही. ती त्या बापाच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यावर होते.

दुसरीकडे मागणीच्या बाजूनेही एक दुबळा युक्तिवाद केला गेला, तोही येथे तपासला पाहिजे. ‘अमरावती हे विद्यापीठाचे शहर आहे, म्हणून येथे वैद्यकीय महाविद्यालय असणे शहराच्या शोभेस आवश्यक आहे,’ असे सांगितले गेले. वस्तुस्थिती अशी की, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा वैद्यकीय शिक्षणाशी आता संबंध उरलेला नाही. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले, आणि वैद्यकाच्या परीक्षा व पदव्या त्याच्याकडे गेल्या. अमरावतीच्या महाविद्यालयातील मुलगा पदवी घेईल ती नाशिकच्या विद्यापीठाची. सबब शहराच्या शोभेचा युक्तिवाद टाकून द्यावा. शोभेसाठी मागितलेली वस्तू शोभेपुरतीच मिळते: कोनशिला, कमान, आणि रात्री विजेच्या माळा.

मग आपला दावा कशावर उभा आहे? तो घटनेवर उभा आहे. कलम ४७ अन्वये लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या आद्य कर्तव्यांपैकी एक आहे. कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपचाराचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात स्पष्ट केले. त्या खटल्यातील शेतमजूर रेल्वेगाडीतून पडून जखमी झाला होता. कोठे खाट नाही, कोठे सोय नाही, असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. पैसा नाही, ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तिसरा आधार खास विदर्भाचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला जी अभिवचने दिली गेली, त्यांचे प्रतिबिंब कलम ३७१ च्या दुसऱ्या उपकलमात पडले. विकासखर्चाचे न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षणाच्या व व्यवसायप्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, हे त्या उपकलमाचे शब्दार्थाने सांगणे आहे. त्याखाली १९९४ साली स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळाची मुदत संपली म्हणून अभिवचनाची मुदत संपत नाही.

हा घटनेचा हक्क माझ्या कपाटातील कागदांत कसा दिसतो, तेही सांगतो. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे मी अमरावतीस आणि अकोल्यास चालवितो. दाव्यासोबत उपचाराचे कागद जोडावे लागतात. त्यांत एक वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते छापील असावे असे वाटते: ‘पुढील उपचारासाठी नागपूरला रवाना.’ तालुक्याच्या दवाखान्यातून अमरावतीस, अमरावतीहून दीडशे किलोमीटरवरील नागपुरास. एका दाव्यात मयताच्या बायकोने मला रुग्णवाहिकेच्या भाड्याची पावती दिली आणि विचारले, ‘वकीलसाहेब, हे पैसे भेटतील का? त्यासाठी बकऱ्या विकल्या होत्या.’ पावतीवरील वेळ आणि मृत्यूच्या दाखल्यावरील वेळ मी ताडून पाहिली. तो माणूस वाटेतच गेला होता. भाड्याचे पैसे मी मिळवून दिले. कायद्याच्या हाती तेवढेच होते.

आता दुसरा आक्षेप पाहू. तो पहिल्याहून जड आहे आणि तो प्रामाणिक माणसांनी घेतला आहे. ते म्हणतात, अमरावती जिल्ह्याची खरी जखम मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू बालकांचे मृत्यू १९९३ च्या सुमारास देशापुढे आले. पुढे उच्च न्यायालयात जनहितयाचिका वर्षानुवर्षे चालल्या. धारणी शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, घाट ओलांडून. तेथील आईला अमरावतीच्या महाविद्यालयाचा काय उपयोग? तोच पैसा मेळघाटच्या आरोग्यकेंद्रांवर का खर्च करू नये?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु आरोग्यकेंद्राची इमारत असते, औषधांचे कपाट असते, आणि खुर्ची रिकामी असते, हेच तर मेळघाटचे दुखणे आहे. खुर्चीवर बसणारा माणूस कोठून यावयाचा? मुंबई-पुण्यात शिकलेल्या तरुणाने धारणीस राहावे म्हणून शासनाने आदेश काढले, भत्ते दिले. तरी खुर्ची भरत नाही. ज्याच्या घरी कोरकू बोलतात, ज्याची मावशी हरिसालला नांदते, असा डॉक्टर घडल्याखेरीज ती पूर्णपणे भरणार नाही. एतदर्थ महाविद्यालय आणि मेळघाट यांत निवड करावयाची नसून, महाविद्यालयाला मेळघाटशी बांधून घ्यावयाचे आहे. त्याची साधने नियमांतच आहेत. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र ठेवावे लागते. अमरावतीच्या महाविद्यालयाने त्याशिवाय आणखी एक केंद्र धारणीस वा चिखलदऱ्यास चालवावे. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. त्यातील नेमणुका मेळघाटास प्राधान्याने मिळाव्यात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची देखरेख करावयाची असते; ती कुटुंबे गावाच्या चावडीभोवतीची न निवडता गावकुसाबाहेरच्या वस्तीतील आणि पाड्यावरील निवडावीत. याला फार मोठ्या निधीची गरज नाही. अधिष्ठात्यांच्या एका आदेशाची आणि आपल्या सततच्या विचारणेची गरज आहे.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो ज्याविषयी वऱ्हाडात फारच थोडे बोलले जाते. आपल्या शहरात महाविद्यालय आले म्हणजे आपली मुले डॉक्टर होतील, अशी समजूत आहे. ही समजूत आता खरी नाही. पूर्वी महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी ७०:३० ची पद्धत होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून सत्तर टक्के जागा त्या त्या भागातील मुलांस दिल्या जात. २०२० सालच्या सप्टेंबरमध्ये ही पद्धत रद्द झाली. ज्या वर्षी विकास मंडळाची मुदत संपली त्याच वर्षी ही भिंतही पडली. आज शासकीय महाविद्यालयाच्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय यादीने भरतात, उरलेल्या सबंध राज्याच्या एका यादीने. अमरावतीच्या जागेवर कोल्हापूरचा मुलगा येऊ शकतो, तसा आपला मुलगा मुंबईस जाऊ शकतो. यात अन्याय नाही असे म्हणणाऱ्यांचा तर्क मला समजतो. परंतु लाखो रुपयांच्या शिकवणीवर ज्याची नीट परीक्षा अवलंबून आहे, आणि ज्याच्या तालुक्यात विज्ञानाचा शिक्षकच धड नाही, त्या दोघांना एका रेषेवर उभे करून शर्यतीची शिट्टी वाजविणे याला समता म्हणता येत नाही.

अनुसूचित जातींच्या आणि त्यांतून बौद्ध झालेल्यांच्या मुलांस राज्याच्या जागांत तेरा टक्के, अनुसूचित जमातींस सात टक्के, हे आरक्षण आहेच. ते कसे मिळाले याची आठवण या प्रसंगी ठेवली पाहिजे. १९५१ साली चंपकम दोराईराजन हिच्या खटल्यात मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरूनच सर्वोच्च न्यायालयाने जातवार जागांचा आदेश रद्द केला, आणि त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) जन्मास आले. त्या वेळी बाबासाहेब कायदेमंत्री होते. धर्मांतरानंतर आपल्या मुलांस केंद्राच्या सवलती नाकारल्या गेल्या. त्या १९९० सालच्या कायद्याने परत मिळाल्या. चौतीस वर्षांत किती जणांचे डॉक्टर होण्याचे वय निघून गेले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

डॉक्टर कोण होतो याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनातील काठेवाडचा प्रसंग वाचावा. १९२९ सालची गोष्ट. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको तापाने फणफणली होती. डॉक्टर वस्तीत शिरला नाही. उष्णतामापक त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत गेला. ती स्त्री दगावली. आज कोणी उष्णतामापक असा देत नाही हे खरे. परंतु २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीचा मृत्यू झाला, आणि सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप न्यायालयात गेला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण इतके तर म्हणू शकतो की, नव्या महाविद्यालयात पहिल्या दिवसापासून अशा तक्रारींसाठी समिती असावी, तिच्यावर या वर्गांतील प्राध्यापक असावेत, आणि तिचे नाव-पत्ते वसतिगृहाच्या दारावर लावलेले असावेत.

राहिला जागेचा प्रश्न. त्याविषयी माझी कसोटी साधी आहे. इमारत पूर्वेस बांधा की पश्चिमेस. रुग्णालय तेथे असावे जेथे एस.टी.तून उतरलेली म्हातारी पायी किंवा थोड्या पैशांत पोहोचू शकेल. आज तिला इर्विनची आणि डफरिनची वाट ठाऊक आहे. त्याच इर्विनच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. महाविद्यालयासाठी मोठी जमीन शहराबाहेर घ्यावी लागेल हे उघड आहे. शंभर विद्यार्थ्यांसाठी आयोगाच्या नियमाने ४२० खाटा लागतात, त्याही आज ना उद्या एका आवारात न्याव्यात असे कोणी म्हणेल. पण त्या निमित्ताने शहरातील जुने दवाखाने ओस पडू देता कामा नयेत. आणि रुग्णाच्या नातलगांनी कोठे पाठ टेकावी, याचा विचार आराखड्यातच व्हावा. ज्यांचे नाव या विद्यापीठाने धारण केले त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या शहरातील रुग्णालयाच्या ओसरीत बाया चुलीविना उपाशी निजल्या, तर ते नाव पाटीवर कशाला?

अकोल्याने आपल्याला एक धडा दिला आहे, तो येथे उपयोगी पडेल. तेथील सर्वोपचार रुग्णालयाने बुलढाणा-वाशीमच्या गरिबांस मोठा आधार दिला. तथापि अतिविशेषोपचार रुग्णालयाची इमारत उभी राहिल्यावरही तिच्यातील पदे मंजूर होऊन भरली जाण्याची वाट लोकांना पाहावी लागली. विटांना वेतन द्यावे लागत नाही, म्हणून इमारती लवकर होतात. एकाच वेळी दहा महाविद्यालये उघडल्यावर तितके प्राध्यापक कोठून येणार, हा प्रश्न आहेच. एका ठिकाणचे उचलून तपासणीपुरते दुसऱ्या ठिकाणी बसविले, तर दोन्ही ठिकाणचे विद्यार्थी आणि रुग्ण फसतील.

तेव्हा आपल्या समाजाने या वादात कोणाच्या बाजूस उभे राहावे? कोणत्याही पुढाऱ्याच्या नव्हे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. दर वर्षी प्रवेश पूर्ण होताच विचारा: राखीव जागा किती भरल्या, वऱ्हाडातील मुले किती, मेळघाटची किती? दर सहा महिन्यांनी विचारा: मंजूर पदे किती, भरलेली किती, नागपूरला पाठविलेले रुग्ण किती? ही उत्तरे विहाराच्या फळ्यावर लिहा. आणि त्याच विहारात सायंकाळी अकरावी-बारावीच्या मुलांस जीवशास्त्र शिकविण्यासाठी आपल्यातील निवृत्त शिक्षकांस बसवा.

१९२७ साली याच शहरात अंबादेवीच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून आपली माणसे एकत्र आली होती. देवळाच्या दारातून आत गेलेला माणूस बाहेर येतो तेव्हा तो तोच असतो. या महाविद्यालयाच्या दारातून आत गेलेली मजुराची मुलगी पाच-सहा वर्षांनी बाहेर येईल तेव्हा तिच्या हाती दुसऱ्याचा जीव वाचविण्याची विद्या असेल. हे दार २०२४ साली उघडले आहे. ते उघडे ठेवणे आता आपल्याकडे आहे. आणि पुढच्या वेळी कोणी बकऱ्या विकून नागपूरची गाडी करील, तेव्हा आपण काय करीत होतो, हा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.